वजन कमी करायचंय? मग स्मूदीत काय काय पडतंय ते आधी बघा

स्मूदी हेल्दी असते हे खरंच आहे, पण नाश्ता जेवण सगळं नेहमीसारखं करून वर एक मोठा ग्लास स्मूदी घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या ग्लासचा हिशोब कोणी करतच नाही. २ केळी म्हणजे साधारण २०० कॅलरी, एक सफरचंद ९५, ग्लासभर फुल क्रीम दूध १५०, २ मोठे चमचे मध १२० आणि वरून मूठभर बदाम १७०. झाल्या ना सातशेच्या वर! म्हणजे हे अख्खं जेवण झालं, मग त्या दिवशी एक जेवण त्याच्याऐवजी जायला हवं.

मधाबद्दल तर मला फार कळकळीने सांगायचंय. नॅचरल आहे म्हणून लोक बिनधास्त घालतात, पण जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रस दोन्ही वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते आणि ही साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्याही आत ठेवा म्हणते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, आणि २ मोठ्या चमचे मधातच ३० ग्रॅमच्या वर साखर असते. फळ आहे ना गोडीला, पुरे की तेवढं.

माझं रोजचं साधं आहे, मोठी मूठभर पालक, अर्धी काकडी, अर्धं सफरचंद, वाटीभर साधं दही, एक चमचा जवसाची पूड, आल्याचा तुकडा आणि लिंबू पिळायचं. सगळं मिळून २०० च्या थोडं वर कॅलरी होतात. पालकाची चव सफरचंदापुढे जवळजवळ लागतच नाही, फक्त रंग हिरवागार येतो. लिंबू चवीपुरतं नाहीये बरं का, त्यातल्या व्हिटॅमिन सी मुळे पालकातलं लोह अंगात जास्त शोषलं जातं. दही आणि जवस काढू नका, प्रोटीन आणि थोडं फॅट नसेल तर तासाभरात परत भूक लागते, आणि गाजर घातलं असेल तर त्यातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं) शोषायला फॅट लागतंच.

गाळायचं मात्र अजिबात नाही. गाळलं की फायबर चोथ्याबरोबर गेलं आणि हातात राहिला नुसता ज्यूस, पोट भरल्यासारखं वाटतं ते त्या फायबरमुळेही. आणि पाणी कमी घालून घट्ट करा, वाटीत घेऊन चमच्याने खा, कारण पोट भरलंय हे मेंदूला कळायला १५-२० मिनिटं लागतात आणि पातळ ग्लास तर दोन मिनिटांत संपतो.

काकडी आधी चाखून बघा, कडू लागली तर सरळ टाकून द्या, दुसऱ्या गोड वस्तूंत कडूपणा लपवून पिऊ नका, तो कुकुरबिटॅसिन नावाच्या कडू, विषारी घटकामुळे असतो आणि जास्त गेलं तर उलट्या जुलाब होतात. बीट घातलं की दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसू शकते, घाबरायचं कारण नाही.

पण ज्यांना किडनी स्टोनचा त्रास आहे त्यांनी पालक आणि बीट रोज कच्चे घालू नयेत, दोन्हीत ऑक्सलेट, म्हणजे ज्यापासून बरेचसे खडे बनतात तो घटक, भरपूर असतो. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अचानक रोज पालक सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, पालकातलं व्हिटॅमिन के त्या गोळीचा परिणाम कमी करतं.