माझे हात पिवळे झाले (नाही, लग्न नाही)

मराठीत हात पिवळे होणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ऑफिसात शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण माझा तळहात धरून जेव्हा ओरडली की अगं तुझे हात पिवळे झालेत, तेव्हा आजूबाजूच्या चार माना वळल्या आणि एकाने तर अभिनंदनही करून टाकलं. मी पण हसले. मग प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून त्यावर हात ठेवून बघितला आणि हसू गेलं. खरंच पिवळे होते, पिवळट नारिंगी, आणि बोटांच्या पेरांच्या रेषांत तर जास्तच. डोक्यात पहिला शब्द आला कावीळ.

डॉक्टरबाईंनी हात नंतर बघितला, आधी खालची पापणी ओढून डोळे बघितले. डोळे पांढरेशुभ्र. मग एकदम विचारलं, गाजर किती खाता? मला वाटलं गंमत करतायत. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की रोज सकाळी सहा-सात गाजरांचा ज्यूस घेते, न चुकता, अडीच महिने झाले, त्वचेसाठी. त्या हसल्या, तरी बिलिरुबिनची (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) टेस्ट लिहून दिली, ती नॉर्मल आली, आणि मग समजावलं की याला कॅरोटिनेमिया म्हणतात. गाजरातलं बीटा कॅरोटीन, म्हणजे त्याला नारिंगी रंग देणारं द्रव्य, शरीर लागेल तेवढंच व्हिटॅमिन ए मध्ये बदलतं, उरलेलं रक्तात फिरत राहतं आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात जाऊन बसतं, म्हणून जिथे हा थर जाड आणि घाम जास्त, म्हणजे तळहात, तळपाय, नाकाच्या बाजूच्या घड्या, तिथे आधी दिसतं. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, यात होत नाही, म्हणून त्या आधी डोळ्यांकडे गेल्या. धोका काही नाही, गाजर कमी करा, काही आठवड्यांत जाईल, रताळं आणि लाल भोपळा पण सध्या जरा बेतानेच. आईला फोन केला तर तिने अपेक्षेप्रमाणे अति तिथे माती म्हणून घेतलं आणि मग आठवडाभर जो भेटेल त्याला सांगितलं.

आता हे गाजरापर्यंत कसं पोचलं ते सांगते. तिशी ओलांडल्यावर हनुवटीवर पिंपल्स यायला लागले, जे मला कॉलेजात पण आले नव्हते, आणि मी घरातली सगळी क्रीम्स उचलून कचऱ्यात टाकली कारण कुठेतरी वाचलं की केमिकल्स आहेत. मग ठरवलं, आता फक्त नॅचरल. जे खाऊ शकत नाही ते तोंडाला लावायचं नाही, हे वाक्य मी खूप लोकांना ऐकवलंय, त्या सगळ्यांची माफी मागते. किचनमध्ये मिक्सरच्या शेजारी वाट्यांची रांग. काकडी आणि कोरफडीचा टोनर करून स्प्रे बाटलीत भरून ठेवला होता, चौथ्या दिवशी बाटली उजेडात धरली तर आत पांढरे धागे तरंगत होते. तीन दिवस मी तेच तोंडावर मारत होते. पाणी असलेल्या कुठल्याही गोष्टीत प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर जंतू आणि बुरशी वाढणारच, फ्रिज फक्त थोडा उशीर करतो. ज्या शब्दाची मला सगळ्यात भीती होती, प्रिझर्व्हेटिव्ह, तो त्या बाटलीत असता तर बरं झालं असतं.

पण ते काहीच नाही, लिंबाचं ऐका. कोपर काळे दिसतात म्हणून एका रविवारी अर्धं लिंबू घेऊन दोन्ही कोपरांवर चोळत बसले, हात वर धरून, त्यामुळे रस उजव्या हातावरून ओघळत मनगटापर्यंत आला, तो मी नीट धुतला नाही, नुसता पुसला, आणि गच्चीत कपडे वाळत घालायला गेले, मग ऊन छान आहे म्हणून तिथेच फोनवर बोलत बसले अर्धा-पाऊण तास. त्या दिवशी काहीच झालं नाही. दोन दिवसांनी कोपरापासून मनगटापर्यंत लाल पट्टा, जळजळ, दोन ठिकाणी फोड. फोड बसले आणि मागे राहिला तपकिरी डाग, तो पण अगदी ओघळाच्या आकाराचा, वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा, शेवटी एक थेंब. कोपर उजळ करायला गेले आणि हातावर लिंबाच्या रसाचा नकाशा काढून घेतला. तो जायला तीन महिने लागले.

लिंबात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांशी मिळून पेशी भाजतात, आणि हे लगेच नाही, एक-दोन दिवसांनी दिसतं, त्यामुळे बरेचदा लिंबाचा संशयच येत नाही. शिवाय लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) साधारण २ आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. हे ऐकायला तीनचाच फरक वाटतो, पण पीएचमध्ये दर एक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा हजारपट आम्लधर्मी. आणि याच्या उलट बाजूला साबण. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो. तोंड धुतल्यावर बोट फिरवलं की करकर आवाज येतो ना, ज्याला मी इतकी वर्षं स्वच्छता समजत होते, ते त्वचेवरचं स्वतःचं तेल पण धुऊन गेल्याचं लक्षण. मग ती ताणल्यासारखी वाटते, मग आपण काहीतरी चोपडतो, असं ते चक्र.

खाण्याचं पण तेच चाललं होतं, फक्त तिथे डाग दिसत नव्हता. पॅकेटमधलं काही नाही, साखर नाही, बाहेरचं नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी केकचा तुकडा हातात घेऊन अर्धा तास फिरले आणि मग कुंडीच्या मागे ठेवून दिला. हे लिहिताना पण लाज वाटते. नंतर कळलं की यालाही नाव आहे, ऑर्थोरेक्सिया, १९९७ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने हा शब्द काढला, शुद्ध आणि योग्य खाण्याचा इतका ध्यास की तोच त्रास व्हायला लागतो. मला ते झालं होतं असं मी म्हणत नाहीये, तपासणी वगैरे काही केली नाही, पण ती कुंडी डोक्यातून जात नाही.

आणि गंमत बघा, साखर सोडली म्हणून फुशारकी मारणारी मी त्या गाजराच्या ज्यूसमध्ये रोज मोठा चमचाभर मध घालायचे. मध नॅचरल ना! एका मोठ्या चमच्याभर मधात साधारण १७ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मध आणि फळांच्या ज्यूसमधली साखर ही वरून घातलेल्या साखरेतच धरतात. दिवसाला २००० कॅलरीज खाणाऱ्यासाठी त्यांनी ठेवलेली मर्यादा ५० ग्रॅम आहे आणि २५ च्या खाली ठेवलंत तर अजून चांगलं असं ते म्हणतात. म्हणजे २५ मधला मोठा वाटा मी सकाळी साडेसातला ग्लासातूनच उडवत होते, शिवाय चोथा फेकून देत होते, जो खरं तर खायचा भाग. अख्खं गाजर चावून खाल्लं असतं तर दोनच्या पुढे जबडा दुखला असता आणि हात पिवळे व्हायची वेळच आली नसती. चावायला लागणं हाच किती मोठा ब्रेक आहे हे मला तेव्हा कळलं.

पॅकेटच्या बाबतीत मात्र माझी भीती अगदीच खोटी नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २० माणसं, दोन आठवडे खूप प्रोसेस केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं, दोन्हीकडे वाढलेल्या जेवणात कॅलरीज, साखर, फायबर सारखंच आणि हवं तेवढं खायची मुभा. प्रोसेस्ड खाण्यावर लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरीज जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वजन वाढलं. मला यातली आवडलेली गोष्ट ही की कोणी त्यांना मूर्ख किंवा हावरट म्हटलं नाही, ते खाणंच तसं आहे. त्यामुळे आता मी बिस्किटाचा पुडा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवत नाही, एवढंच. केक समोर आला तर खाते, बसून, प्लेटमध्ये घेऊन.

पिंपल्सचं काय झालं ते राहिलंच. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले (हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, पण मला सल्ले इंटरनेटचेच घ्यायचे होते), त्यांनी रात्री लावायचं एक औषध दिलं आणि सांगितलं की तीन महिने थांबा, मधे बदलू नका. तीन महिने का, तर त्वचेचा वरचा थर पूर्ण नवा व्हायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढतं तसे जास्त, मग दर पाच दिवसांनी नवीन प्रयोग करून काय कळणार. मी त्याच वेळी एक वही ठेवली, मोबाइलमधलं ॲप नाही, साधी वही, डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे हनुवटी कशी आहे. दोन महिन्यांनी बघितलं तर चॉकलेटचा काही पत्ता लागला नाही, तळकटाचा पण नाही, पण ज्या दिवसांत जिमवाल्यांच्या सांगण्यावरून व्हे प्रोटीनचं (दुधापासून काढलेलं प्रोटीन) शेक घेत होते आणि दिवसाला तीन-चार वेळा गोड कॉफी, त्याच्या पुढच्या आठवड्यात हनुवटी बोलायला लागायची. दूध आणि व्हे यांचा काही लोकांच्या पिंपल्सशी संबंध दिसलाय, आणि रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं कमी केल्यावर १२ आठवड्यांत पिंपल्स कमी झाल्याचा एक अभ्यास ऑस्ट्रेलियात २००७ ला झाला होता, तो तरुण मुलांवर होता. माझ्या वहीवरून जगाला काही सांगता येणार नाही, औषध पण चालू होतंच. पण मी व्हे बंद केलं, प्रोटीन डाळी-अंडी-दाण्यांतून घेते आणि कॉफीतली साखर अर्धी केली. दूध पिते. तुमच्या हनुवटीचं तुम्ही बघा.

आता तोंडाला काय लावते हे लोक विचारतात आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो. रात्री फेनाळ नसलेला, बिनवासाचा फेसवॉश. वास मुद्दाम नको, कारण कॉस्मेटिक्सची ॲलर्जी होते त्यात सुगंध कायम वरच्या नंबरात असतो, आणि यात नॅचरल सुगंधी तेलं पण आली, लॅव्हेंडरच्या तेलातले घटक हवेशी संबंध आला की जास्तच त्रासदायक होतात. मग चेहरा पूर्ण कोरडा न करता, थोडा ओला असतानाच मॉइश्चरायझर, कारण क्रीम किंवा तेल बरंचसं काम आत असलेलं पाणी उडू न देण्याचं करतं, वाळल्यावर लावलं तर अडवणार काय? सकाळी नुसतं पाणी आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनला मी दोन वर्षं केमिकल म्हणून नाकं मुरडली, आणि लिंबू चोळून उन्हात बसले! झिंक ऑक्साइडवालं घेते, थोडं पांढरं दिसतं, चालतं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं, अडवतं आणि ५० साधारण ९८, त्यामुळे आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं, दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला मिळून. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. नवीन काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघते, त्याच हातावर.

पाण्याबद्दल एकच, दिवसाला चार लिटर प्यायल्याने त्वचा चमकत नाही, तहान लागेल तसं पुरेसं पाणी पीत असाल तर वरचं जादाचं पाणी त्वचेकडे जात नाही, बाथरूमकडे जातं. हा प्रयोग पण मी केलाय, मीटिंगमधून किती वेळा उठले ते बॉसला विचारा. डिटॉक्सबद्दल लिहितच नाही, लिव्हर आणि किडन्या बिचाऱ्या पगार न घेता ते काम करतात.

झोप नीट झाली नाही की चेहरा उतरतो हे सांगायला मी कशाला हवी.

हात पूर्ववत व्हायला सात आठवडे लागले, आधी बोटं, मग तळहाताचा मधला भाग, तळपाय सगळ्यात शेवटी. परवा ऑफिसच्या जेवणात सॅलड होतं, मी गाजराच्या दोन चकत्या उचलल्या, तर समोर बसलेल्या मैत्रिणीने काही न बोलता माझा हात उलटा केला, ट्यूबलाइटखाली धरला, नीट बघितलं आणि मग म्हणाली, खा.