बाप तालमीला येतात

माघ, रात्री साडेअकरा

नमनाची, म्हणजे शिमग्यातल्या आमच्या लोकनाट्याची, तालीम आत्ताच सुटली. शिमगा जवळ आला की आमच्या गुहागर तालुक्यात वाडीवाडीवर हेच चालतं. जेवणं आटोपली की देवळाच्या सभामंडपात मृदंगावर थाप पडते. गण, गौळण होते, संकासुर येऊन जातो, मग वगाची पाळी. वग यंदा मी लिहून दिलाय, त्यामुळे वही घेऊन खांबापाशी बसायचं आणि अडलेल्याला वाक्य पुरवायचं काम माझं. दोन मोठ्या भूमिका चाकरमान्यांकडे आहेत. ते मुंबईहून फोनवर आपापली वाक्यं म्हणून दाखवतात आणि सगळा सभामंडप कान देऊन ऐकतो.

आज चहाच्या वेळी गौळणीतली मावशी करणारे दादा माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुर्जी, पोरीचा काय करायचा मंग?"

मुलगी सातवीत आहे. आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी एसटीने हायस्कूलला जावं लागतं आणि संध्याकाळची गाडी चुकली तर पोर अडकते. घरात चर्चा चाललीय की पोरीला मुंबईला मामाकडे पाठवावं, नाहीतर घरीच ठेवावं. हे मला आजवर माहीत नव्हतं. पालकसभेला तिची आई येते, सही करते, "तुम्ही सांगाल तसं" म्हणते. वडील कधीच आले नाहीत, कारण सभा सकाळी अकराला असते आणि या दिवसांत ते मोहोरावरच्या फवारणीला बागेत असतात.

आमच्याकडे पालकसभेला आया येतात आणि बाप तालमीला. घरातला निर्णय मात्र बऱ्याचदा तालमीला येणारा माणूस घेतो. मग मी तालमीला नसेन तर ही गोष्ट त्यांच्याशी बोलणार कुठे?

मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. त्याच वाडीतल्या आणखी दोन मुली यंदा आठवीत जाणार आहेत. तिघी मिळून जातील, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. लगेच हो म्हणाले नाहीत. पण मुंबईचा विषय पुन्हा काढला नाही.

मी घाटावरचा. इथे रुजू झालो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सल्ला दिला होता की शाळा सुटली की गावात गुंतू नये. त्यांचं म्हणणं एका बाबतीत मला पटतं. पालखी आधी कुणाच्या घरी जाणार, मान कुणाचा, या वादात शिक्षकाने पडू नये. दोन्हीकडची पोरं आपल्याच वर्गात असतात. पण मानपानात न पडणं वेगळं आणि गावात नसणं वेगळं.

शिक्षकांवरच्या वरकामांबद्दल आम्ही तक्रार करतो आणि ती रास्त आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही. ते कलम आम्हाला हवंच. तालीम त्या यादीत बसवू नये एवढंच. इथे मला कुणी आदेशाने पाठवलेलं नाही.

आणि ही रीत या किनाऱ्याला नवी नाही. शेजारच्या दापोलीतल्या मुरूडला सोमण मास्तर होते. धोंडो केशव कर्वे त्यांचे विद्यार्थी. मास्तरांच्या प्रेरणेने तो मुलगा गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. महर्षी कर्वे पुढे मोठे झाले ते पुण्यात, पण लोकांसाठी काही करायची सवय त्यांना गावच्या मास्तरांनी लावली होती, असं मला मनापासून वाटतं. खाली शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शाळामास्तर होते. एका लहान गावात अठरा वर्षं! त्या किनाऱ्याची माणसं त्यांनी वर्गाच्या खिडकीतून पाहिली नसणार.

एक गोष्ट मात्र डाचते. शाळेतल्या बाई माझ्याइतक्याच जीव लावून शिकवतात, मुलींच्या अडचणी माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतात. पण रात्रीच्या सभामंडपात त्यांना जागा नाही. त्या हळदीकुंकवाला आणि बचत गटाच्या बैठकीला जातात, तिथे आया त्यांच्याशी मोकळं बोलतात. म्हणजे अर्धं गाव त्यांच्या कानी, अर्धं माझ्या. आठवीला जाणाऱ्या मुलीबद्दल दोन्ही अर्धी एकत्र बसायला हवीत.

उद्या गावकारांशी बोलतो. पुढची पालकसभा शाळेत सकाळी न घेता सभामंडपात संध्याकाळी, दिवे लागल्यावर, तालमीच्या आधी घेऊ. बाई बोलतील, आया बसतील, बाप तर येणारच आहेत. पासाच्या अर्जाचीही चौकशी करून ठेवतो.