सांगलीत वॉशिंग मशीन घेताना एक्स्टेंडेड वॉरंटीचा आग्रह, माझा अनुभव

दिवाळीच्या आधी आम्ही विश्रामबागच्या बाजूच्या एका मोठ्या शोरूममधून फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं. शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ओळखीत विचारलं तर बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. मशीन ठरलं, किंमत ठरली २८,५००, बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, इथपर्यंत सगळं छान. पुढे फायनान्सच्या टेबलावर गेलो आणि तिथल्या मुलाने टॅबमध्ये बघत सांगितलं, ताई महिन्याला २,६६७ बसतील, ओटीपी आला असेल तो सांगा.

आमच्या ह्यांनी मोबाईलवर लगेच भागाकार केला तर २,३७५ यायला पाहिजे होते. विचारलं वरचे कसले, तर म्हणे ते सगळं धरून आहे. सगळं म्हणजे काय हे तीन वेळा वेगवेगळ्या पद्धतीने विचारल्यावर कळलं की त्यात दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी (म्हणजे कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढची, पैसे देऊन घ्यायची) ३,४९९ची आधीच टाकलेली आहे. आम्हाला न विचारता. आणि प्रोसेसिंग फी वेगळीच.

मी म्हटलं ती काढा. मग सेल्सवाला दादा आला, तो म्हणाला ताई आजकालच्या मशीनचं काही खरं नाही, आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला की दहा हजार गेले, महिन्याला तीनशेच्या आतच तर पडतंय. (एकदम ३,४९९ सांगितले तर माणूस विचार करतो, म्हणून ते महिन्यावर वाटून सांगतात, हे लक्षात ठेवा.) सासूबाई सोबत होत्या, त्यांनी सरळ विचारलं, "आवं बाळा, पुराचं पाणी शिरलं तर देणार का भरून?" आम्ही सांगलीतच नदीजवळच्या गावभागात राहतो, २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, तेव्हा आमचं जुनं मशीन आणि फ्रीज दोन्ही गेले, त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न पहिला येतो. तो म्हणाला, "व्हय आज्जी, सगळं कव्हर होतं."

मी म्हटलं छान, मग नियम-अटींचा कागद दाखवा. कागद नव्हता. ईमेलवर येतो म्हणे पैसे भरल्यावर. मी म्हटलं आधी वाचणार मग ठरवणार, आम्हाला घाई नाही, आणि खुर्चीवर बसून राहिले. शेवटी कुठूनतरी पीडीएफ व्हॉट्सअपवर आली. त्यात काय काय बसत नाही त्याची यादी हीऽऽ मोठी: पूर आणि बाकी नैसर्गिक आपत्ती नाही, व्होल्टेज कमी-जास्त झालं तर नाही, उंदराने वायर कुरतडली तर नाही, गंज नाही, प्लास्टिक, काच, दाराचं रबर, पाईप काहीच नाही. शिवाय दरवर्षी मशीनची किंमत कमी धरणार आणि भरपाई त्याच हिशोबाने. आणि ही वॉरंटी मशीनच्या कंपनीची नव्हतीच, तिसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची. पुराचं नुकसान घराच्या इन्शुरन्समध्ये येतं, तेही घरातल्या सामानाचं कव्हर घेतलं असेल तर, वॉरंटीत नाही, हे सांगलीकरांनी तरी पक्कं डोक्यात ठेवा. आज्जीला "सगळं कव्हर" असं तोंडावर सांगणं मला अजिबात पटलं नाही, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं.

मोटरवर १० वर्षं लिहिलेला स्टिकर मशीनवरच असतो, ती कंपनीची वॉरंटी फुकट असते. पण ती फक्त मोटरच्या पार्टची, बोर्ड आणि बाकीचं एकच वर्ष, हे पण खरं आहे. म्हणजे बोर्डाची भीती खोटी नाही, पण त्यासाठी आजच्या आज काउंटरवर सही करायची गरज नाही. मी तिथूनच कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर कळलं की पहिलं वर्ष संपायच्या आत कधीही कंपनीचीच वॉरंटी वाढवता येते.

मग शेवटचं अस्त्र आलं, वॉरंटी काढली तर डिस्काउंट पण जाईल, सिस्टीमच तशी आहे. इथे मात्र मी मॅनेजरला बोलवायला लावलं. एक वस्तू घ्यायची तर दुसरी सेवा घ्यावीच लागेल अशी अट घालणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार पद्धतीत मोडतं, कलम २(४१). मी आवाज न चढवता म्हटलं, डिस्काउंट वॉरंटीमुळे जातोय असं बिलाच्या कागदावर लिहून द्या, मी १९१५ ला विचारते. १९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीतून पण बोलता येतं. लिहून कोण देणार. थोड्या वेळात नवीन ईएमआय निघाला २,३७५, डिस्काउंट जागेवर. ओटीपीच्या मेसेजमधली लोनची रक्कम आधी वाचली आणि मगच नंबर सांगितला.

त्या मुलांवर माझा राग नाही, त्यांना टार्गेट असतं, पगाराचा भाग त्यावर असतो. राग येतो तो वरून ठरवणाऱ्यांचा. कारण आमच्या शेजारच्या काकूंच्या टीव्हीच्या बिलात हीच वॉरंटी निघाली आणि त्यांना ती घेतल्याचं माहीतच नव्हतं, मुलगा पुण्यात, ह्या एकट्या जाऊन ओटीपी सांगून आल्या. त्यांचं बिल घेऊन आता आम्ही दुकानात लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाने पण एएमसी (वर्षाच्या देखभालीचा करार) काढा म्हणून धरलं होतं, त्याला नको म्हटलं की लगेच गप्प बसला. आमच्या मशीनचं बिल फोटो काढून ठेवलंय, कंपनीच्या साईटवर नोंदणी केलीय, आणि अकराव्या महिन्याचा रिमाइंडर लावलाय, तेव्हा कंपनीच्या वॉरंटीचे नियम वाचून बोर्ड त्यात येत असेल तर घेणार, नाहीतर नाही.