लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

अमळनेर तालुक्यात माझं मेडिकल आहे. बाजाराच्या दिवशी गर्दीतून एक माय काउंटरशी आली. चप्पल पायात मावत नव्हती म्हणून हातात घेतली होती. ‘भाऊ, पायले सूज येयेल शे,’ म्हणाली आणि लघवीची गोळी मागितली.

ती गोळी दिली असती तर सूज उतरली असती आणि खरं दुखणं झाकलं गेलं असतं. मी घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, लवकर भरेना. बीपीच्या अम्लोडिपिननेही पाय सुजतात, पण वजन असं वाढत नाही. हिचं वर्षात सात किलो वाढलेलं. बिचारी भाकर अर्धी करत आली होती. आडवं झालं की दम कोंडतो, दोन उशा लागतात.

चिठ्ठी बघितली. लिव्हरवरच्या चरबीसाठी पायोग्लिटाझोन आणि व्हिटॅमिन ई, तीन महिने, मग रिपोर्ट घेऊन भेटा. तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची. फाटू नये म्हणून मुलाने लॅमिनेशन केलेलं. त्यावर ना औषध दिल्याचा आमचा शिक्का बसतो, ना तारीख लिहिता येते.

पायोग्लिटाझोनने लिव्हरची सूज खरंच कमी होते, म्हणून डॉक्टर ते देतात. पण ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, कमजोर हृदयाला तो भार झेपत नाही. बायकांमध्ये हाड मोडण्याचा धोकाही वाढतो. २०१३च्या जूनमध्ये सरकारने हे औषध थांबवलं होतं. मूत्राशयाच्या कॅन्सरची शंका होती. जुलैअखेर परत आलं, माहितीपत्रकात ठळक इशारा छापायच्या अटीवर. ते पत्रक खोक्यात असतं. आम्ही स्ट्रिप देतो, खोकं दुकानातच राहतं. इशारा कुणासाठी छापला मग?

लघवीची गोळी दिली नाही. मुलाला फोन लावून त्याच दिवशी धुळ्याला फिजिशियनकडे पाठवलं. टूडी इकोत हृदयाचं पंपिंग कमी निघालं. पायोग्लिटाझोन बंद झालं, महिन्याभरात पाय उतरले. हृदय आधीपासून कमजोर होतं का, हे आता कुणी सांगू शकत नाही. आधीचा इकोच नाही.

रात्री जुनी बिलं काढली. सतरा वेळा पायोग्लिटाझोन माझ्याच दुकानातून गेलं होतं. त्यातल्या नऊ बिलांवर माझी सही आहे.

आता चिठ्ठीवर जितके महिने, तितकंच औषध देतो. गिऱ्हाईक चिडतं, पुढच्या दुकानात जातं. तिथे मिळतं.