गोठलेला खंड रचताना: पाण्याच्या हिशेबात गेलेले सहा महिने

माझ्या कादंबरीतला दक्षिणेचा खंड दोन संध्याकाळी नकाशावर उतरला. माणसांना तो पायी ओलांडायला लावण्यात मात्र सहा महिने गेले, तेही पाण्यापायी. पायाखाली दोन किलोमीटर जाडीचा बर्फ असला तरी प्यायला थेंब नसतो, हे मी वाचलेल्या एकाही लेखन-मार्गदर्शकात नव्हतं. त्याचा राग अजून आहे.

नकाशाचं थोडक्यात. अंटार्क्टिका समोर ठेवा. कडाक्याची थंडी आतल्या उंच पठारावर (व्होस्तोक संशोधन केंद्र, २१ जुलै १९८३, उणे ८९.२ अंश), पण भयंकर वारे किनाऱ्याकडे, कारण गार, जड हवा उतारावरून खाली घसरते. आत खोलवर वर्षभरात पडणारा हिम वितळवला तर पाच सेंटिमीटरही पाणी होत नाही. तिथे वादळात दिसतो तो बहुतेक आधीच पडलेला, वाऱ्याने उचललेला हिम.

आता अडलेली जागा. उणे ४० अंशांचा एक किलो हिम नुसता वितळवायला साधारण ४१८ किलोज्यूल उष्णता लागते आणि ते पाणी उकळायला पुन्हा जवळजवळ तेवढीच. माझ्या जगात रॉकेल नाही, सीलची चरबी आहे. चुलीची दोनतृतीयांश उष्णता वाया जाते असं धरलं, तर माणशी तीन लिटर उकळत्या पाण्याला रोज सुमारे २०० ग्रॅम चरबी हवी. हिम तोंडात टाकून भागत नाही. तीन किलो हिम शरीराच्या तापमानाला आणताना ४०० कॅलरी जातात, आणि तोंड सोलवटतं ते वेगळंच.

पुढचा हिशेब असा. अंतर ६०० किलोमीटर, वेग दिवसाला १५, म्हणजे जाऊन-येऊन ८० दिवस. अन्न रोज एक किलो धरून ८० किलो, चरबी १६ किलो. तंबू, झोपायच्या पिशव्या, दोर, चूल यातलं काहीही न धरता माणशी ९६ किलो झाले! घसरगाडी ओढणाऱ्याला सहा हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या ब्रिटिश स्कॉटच्या प्रवासातला शिधा किलोभरच होता, साडेचार हजार कॅलरींचा. त्याची माणसं रोज थोडी थोडी उपाशी पडत होती. त्यात फार थंडीत हिम वाळूसारखा होतो, गाडीखाली पाण्याचा पातळ थर सुटत नाही आणि १५ चे आठ किलोमीटर होतात. मग सगळा तक्ता पुन्हा मांडा.

मी कुत्रे आणून पाहिले. कुत्रेही खातात. नॉर्वेचा आमुंडसेन ५२ कुत्रे घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला आणि ११ परत आणले. बाकीचे वाटेत मारून माणसांना आणि उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घालायचे, हे त्याच्या हिशेबातच होतं. माझ्या पात्रांकडून ते होणार नव्हतं.

सुटका झाली ती साठ्यांमुळे. आदल्या उन्हाळ्यात वेगळी तुकडी जाऊन दर १०० किलोमीटरवर अन्न-चरबी पुरून येते. कथेत एक वर्ष वाढलं, दोन पात्रं वाढली आणि ओझं माणशी ६० किलोच्या आत आलं. तो आकडा जुळला त्या रात्री मला फार समाधान वाटलं. तुम्ही प्रवासाचा तक्ता आधी करा, कथानक मागून.

राहिलेलं एक: वस्ती हिमावर बांधू नका. भारताचं अंटार्क्टिकातलं दक्षिण गंगोत्री केंद्र बर्फाच्या थरावर होतं, ते हिमाखाली गाडलं गेलं. नंतरचं मैत्री केंद्र उघड्या खडकावर बांधलं, ते टिकलं. पात्रांना घामही येऊ देऊ नका. ओला कपडा रात्री पत्र्यासारखा कडक होतो, म्हणून ओढताना अंगावर कमी कपडे आणि थांबताक्षणी लोकरी अंगरखा.

साठ्यांची खूणही नीट ठरवा. एकच निशाण धुक्यात सापडत नाही. आमुंडसेनने साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला काटकोनात, निशाणांची लांब रांग लावली होती. दिशा चुकली तरी प्रवासी कुठल्या ना कुठल्या निशाणाला गाठतो. मात्र साठा डावीकडे की उजवीकडे, हे प्रत्येक निशाणावर लिहिलेलं हवं.