तुम्ही विचारलंत म्हणून: जहाजावर जाऊन आम्ही नक्की करतो काय

गप्पांमध्ये कुठूनतरी निघतं की मी चर्चतर्फे बंदरात लागलेल्या जहाजांवर जाते, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे तिथे जाऊन करता काय?" माणूस जरा जवळचा असेल तर दुसरा, आवाज खाली करून, "बाटवायला जाता का गं?" नऊ वर्षं झाली, मी दरवेळी हसून विषय बदलते. परवा एका मैत्रिणीने परत विचारलं आणि वर म्हणाली हसू नकोस, उत्तर दे. म्हटलं चला, एकदाचं लिहूनच टाकू.

खरं उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो. कारण नऊ वर्षांत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल तर सिम कार्डं नेऊन दिली आणि व्हॅन चालवली. धक्क्यावरून गेटपर्यंत, गेटपासून दुकानांपर्यंत किंवा आमच्या सेंटरपर्यंत (सेंटर म्हणजे दोन खोल्या, वायफाय, थोडे जुने सोफे आणि एक छोटं प्रार्थनेचं दालन), आणि वेळेत परत. वेळेत हे महत्त्वाचं, जहाज कोणासाठी थांबत नाही.

तुम्हाला वाटत असेल जहाज लागलं की खलाशी उतरतात आणि गावभर फिरतात. ते पूर्वी, माल उतरवायला आठवडे लागायचे तेव्हा. आता कंटेनर जहाज साधारण दिवसभरात निघूनही जातं. वर वीस-बावीस माणसं, त्यातला कोणी कार्गो वॉचवर (म्हणजे माल चढ-उतारावर लक्ष ठेवायला), कोणी इंजिन रूममध्ये पंप उघडून बसलाय, कॅप्टन तपासणीच्या कागदांत बुडालाय, आणि चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम असल्यामुळे उरलेले झोपलेले, झोपू दिलं तर. मग उतरायला राहतात तीन-चार जण, तेही दोन-तीन तास. त्यात कंटेनर यार्डातून पायी चालता येत नाही, क्रेन आणि ट्रेलर फिरत असतात, आणि २००४ पासून तो बंदर-सुरक्षेचा आयएसपीएस कोड लागू झाल्यावर गेटवरची कटकट वाढलीच. कोणाकडे व्हिसा नसतो, तो उतरूच शकत नाही. खलाशांना किनाऱ्यावर जाता आलं पाहिजे, तिथल्या सोयी मिळाल्या पाहिजेत, हे २००६ च्या मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, स्पष्ट आहे, पण कागदावरचा हक्क आणि गेटवरचा वॉचमन यांची अजून ओळख झालेली नाही बऱ्याच ठिकाणी. म्हणून त्यांनी उतरण्यापेक्षा आपणच चढायचं.

चढायचं म्हणजे गँगवेने. अ‍ॅल्युमिनियमची लांब शिडी, दोन्ही बाजूंना दोर, खाली जाळी. तिचा भरवसा नाही, माल उतरला की जहाज वर उचलतं, भरती-ओहोटी वेगळीच, त्यामुळे सकाळी चढताना जी जवळजवळ आडवी होती ती दुपारी उतरताना खडी उभी. हेल्मेट, रिफ्लेक्टर जॅकेट, सेफ्टी शूज, आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये. वर एक जण वॉचवर उभा असतो, तो वॉकीटॉकीवर ड्यूटी ऑफिसरला कळवतो, मग ओळखपत्र, रजिस्टरात सही, गळ्यात व्हिजिटरचा पास. त्या रजिस्टरात माझ्या वरच्या ओळी वाचायला मला आवडतं. एजंट, सर्व्हेयर, कस्टम्स, पोर्ट स्टेट कंट्रोलचा इन्स्पेक्टर (परदेशी जहाजं तपासणारा), बंकरवाला (इंधन भरणारा). "कशासाठी" या रकान्यात मी लिहिते, क्रूला भेटायला. एकदा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) माझी सही होईपर्यंत बघत होता, म्हणाला, मॅम, सकाळपासून इतके चढले, सगळ्यांना आमच्या सह्या पाहिजे होत्या, तुम्ही पहिल्याच फक्त स्वतःची करून आत निघालात.

आता माझ्या फजितीची गोष्ट, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

पहिल्या वर्षी मी एका बल्क कॅरिअरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज) सॅकभर धार्मिक पुस्तिका घेऊन गेले होते, सहा भाषांतल्या, फार तयारीने. मेसरूममध्ये, म्हणजे जेवायच्या खोलीत, बसले. एक ऑयलर (इंजिन रूममधला खलाशी) आला, बॉयलर सूट, नखांत ग्रीस. मी भाषा विचारली, त्याच्या भाषेतली पुस्तिका शोधली, दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, थँक्यू मॅम म्हणाला, पहिलं पान उघडून वाचल्यासारखं केलं. माझा मान ठेवत होता तो, हे तेव्हा कळलं नाही. मग मिटून टेबलावर ठेवली आणि अगदी हळू विचारलं, सिम आहे का? काल बायकोचं सिझेरियन झालं असणार, चार दिवस जहाजाचं इंटरनेट बंद आहे. सिम मी आणलंच नव्हतं, आणि माझ्याच फोनवरून हॉटस्पॉट देता येईल हे सुचायला मला दहा मिनिटं लागली. सगळं पोलादी असल्यामुळे आत रेंज येत नाही, मग आम्ही दोघं मेसच्या गोल खिडकीशी फोन काचेला चिकटवून उभे, व्हिडिओ अडकतोय, सुटतोय, आणि शेवटी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लाल दिसलं. तो काहीच बोलला नाही. बोटं कपड्याला पुसत राहिला, जणू फोनमधून हात लावायचा होता.

पुस्तिका त्या दिवसापासून सॅकच्या तळाशी गेल्या. अजून असतात. कोणी मागितली तर देते, आणि मागतातही बरं का, बायबल मागतात, फिलिपिनो मुलं रोझरी मागतात, एका युक्रेनियन चीफ इंजिनिअरने संत निकोलसचं चित्र मागितलं होतं, तो खलाशांचा संत मानतात. मागितल्यावर देण्याला माझी ना नाही.

तर बाटवणं. तुमचा संशय अगदीच हवेतला नाही हे आधी मान्य करते. या कामाची सुरुवात उपदेशापासूनच झाली. १८३५ मध्ये जॉन अ‍ॅशली नावाचे अँग्लिकन पाद्री इंग्लंडच्या ब्रिस्टल चॅनेलच्या किनाऱ्यावर होते, समोरची बेटं बघून त्यांच्या लहान मुलाने विचारलं म्हणे की तिथली माणसं चर्चला कशी जात असतील. अ‍ॅशली बेटांवर जायला लागले, मग त्यांच्या लक्षात आलं की वाऱ्याची वाट बघत नांगर टाकून उभी असलेली एवढी जहाजं आहेत, त्यांच्याकडे कोणीच जात नाही. पुढे ते बोटीने जहाजोजहाजी हिंडले, बायबल घेऊनच. त्यातून १८५६ मध्ये जी संस्था उभी राहिली तिला आज मिशन टू सीफेअरर्स म्हणतात, उडता देवदूत हे तिचं चिन्ह. कॅथलिकांचं काम १९२० मध्ये ग्लासगोला सुरू झालं, त्याला आता स्टेला मॅरिस म्हणतात, म्हणजे समुद्राचा तारा, मरियेचं नाव. पण त्या काळात पाद्र्यांच्या उपदेशाइतकीच दुसरी एक गरज होती. जहाजावरून पगार घेऊन उतरलेल्या खलाशाला दलाल लोक धक्क्यावरच गाठायचे, त्यांच्याच खोलीत उतरवायचे, दारू पाजून खिसा रिकामा करायचे आणि कर्जात अडकवून पुढच्या जहाजावर चढवून द्यायचे. मिशनवाल्यांनी खलाशांसाठी राहायला घरं काढली ती यावर उपाय म्हणून. उपदेश ऐकायचा की नाही ते पुढचं, आधी झोपायला सुरक्षित पलंग.

आणि आजचं म्हणाल तर वेगवेगळ्या पंथांच्या अशा मिशन्सची १९६९ पासून एक जागतिक संघटना आहे, इंटरनॅशनल ख्रिश्चन मॅरिटाइम असोसिएशन, तिची आचारसंहिता आम्हाला पाळावी लागते. धर्म, वंश, देश न बघता सगळ्यांची सेवा, आणि सांगितलेलं गुपित ठेवायचं. पण नियम बाजूला ठेवा. सहा सहा, नऊ नऊ महिने ज्याने घर बघितलं नाही त्याला एकटेपणाच्या क्षणी गाठून धर्म गळ्यात मारणं, हे त्या जुन्या दलालांपेक्षा फार वेगळं आहे असं मला वाटत नाही. मी जाते ती ख्रिस्ती आहे म्हणूनच जाते, हे लपवत नाही, परक्याला घरात घेतलं ते मलाच घेतलं असं प्रभू म्हणतो ते मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आहे आणि ते मी खरं मानते. फक्त जहाजावर गेल्यावर परकी मीच असते, ही गंमत मला फार उशिरा कळली.

एकदा एजंटचा फोन आला, जहाजावरचा फिटर भर समुद्रात हार्टने गेला होता, त्याला आधीच्या बंदरात उतरवलं, पण आता क्रू त्याच्या केबिनच्या बाजूला फिरकत नाही, कोणी प्रार्थना करायला येईल का. आमचे फादर आणि मी गेलो. क्रू मिश्र होता, कॅथलिक, मुसलमान, हिंदू, दोघं ब्रह्मदेशचे बौद्ध. केबिन स्वच्छ केलेली, सामान घरी पाठवायला पॅक करून झालं होतं, पण दाराच्या मागच्या हुकाला बॉयलर सूट राहून गेला होता आणि त्याचे गुडघे अजून पुढे फुगलेले होते, वापरलेल्या कपड्यांचे असतात तसे. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, छोटी प्रार्थना म्हटली. संपल्यावर आम्ही निघणार तेवढ्यात सेकंड इंजिनिअर पुढे आला, त्याने हात उघडून त्याची दुआ म्हटली. मग एक मेसमन खाली बसला आणि हात जोडून त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, बराच वेळ, आणि आम्ही सगळे त्या अरुंद पॅसेजमध्ये एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. शेवटी बोसनने तो सूट काढून नीट घडी घातला. निघताना कॅप्टन म्हणाला की अकरा रात्री या पॅसेजचा दिवा कोणी बंद केला नाहीये. आज करतील का ते मला माहीत नाही, मी विचारायला थांबले नाही.

सगळंच काही असं नसतं. बऱ्याचदा मी फुकट फेरी मारते, सगळे झोपलेले, किंवा ऑफिसर म्हणतो आज तपासणी आहे, नंतर या, आणि नंतर म्हणजे जहाज गेलेलं. कधी प्रकरण गंभीर असतं. एका जहाजावर एक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत मारत मला नोटिस बोर्डापर्यंत घेऊन गेला आणि तिथे थांबला, तेव्हा कळलं की तीन महिने पगार नाही. किमान दोन महिन्यांचा पगार थकला तर नियमाप्रमाणे क्रूला मालकाने सोडून दिलंय असं धरता येतं, आणि २०१७ पासून अशा वेळेसाठी मालकाकडे विमा असावा लागतो, त्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. पोरगं ते मला दाखवत होतं, तोंडाने न बोलता. मी मोबाईलने फोटो काढला, कामगार संघटनेच्या इन्स्पेक्टरला पाठवला. यापुढचं सांगत नाही, गुपिताचं वर म्हटलंच आहे. कोविडमध्ये तर वर चढायलाच बंदी, २०२० च्या शेवटी जगभरात ४ लाखांच्या आसपास माणसं कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकलेली, आम्ही पिशव्या गँगवेच्या पायथ्याशी ठेवून मागे सरकायचो, मग ते उतरून उचलायचे, वरून हात हलवायचे.

हल्ली प्रश्न बदललाय. आता जहाजांवर सॅटेलाइट इंटरनेट आलंय, डिसेंबर २०२४ पासून तर क्रूसाठी नेट ही सोय नियमातच आलीये, मग तुमचं काय काम? बरोबर आहे, सिम खूपच कमी जातात. आणि मला आनंद आहे, तो ऑयलर आजच्या जहाजावर असता तर बाळंतपण लाइव्ह बघितलं असतं त्याने. पण एक गोष्ट झालीये ती मी मोजून सांगू शकणार नाही, नुसती बघितलीये. मेसरूम रिकाम्या पडायला लागल्या. ड्यूटी संपली की माणूस केबिनमध्ये, दार बंद, फोन. पूर्वी मी गेले की पाच-सहा जण तरी असायचे, कोणीतरी कराओके लावलेला असायचा, आता टीव्ही बंद आणि टेबलावर सॉसच्या बाटल्या.

मागच्या आठवड्यात अशाच एका मेसमध्ये गेले. कुक एकटा होता. वीस जणांचं करून ठेवलेलं, एकेक जण येऊन ताट भरून केबिनकडे चाललेला, कानात इअरफोन. मी सॅक खाली ठेवली, विचारलं काही हवं आहे का, सिम, दुकानात सोडू का, गरम टोप्या आहेत आमच्याकडे विणलेल्या. त्याने नाही म्हणून मान हलवली, एक ताट पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, मॅम बसा, कोणीतरी इथे बसून जेवायला पाहिजे.

मी घरून जेवून निघाले होते. बसले.