काकूंनी विचारलं, "मग पुढं?"

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, 14 वर्षं झाली. गेल्या आठवड्यातली एक नाइट ड्यूटी डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

पेशंट माळकरी, न्यूमोनियातून सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव निकामी व्हायला लागलेले, व्हेंटिलेटरवर. मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, औषधं द्यायची नळी, टाकायची होती आणि गळ्यातली तुळशीची माळ मध्ये येत होती. ज्युनिअर म्हणाली कापते. मी म्हटलं थांब, बाहेर जाऊन त्यांच्या बायकोला, काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्यावर माळ हळूच काढली आणि गॉजच्या पट्टीने त्यांच्याच उजव्या मनगटाला बांधली, डाव्याला आर्टेरियल लाइन, बीपी सतत मोजणारी नळी होती. तेव्हापासून काकू मला नावाने ओळखायला लागल्या, आणि आडनावावरून मी ख्रिस्ती हे कळतंच.

त्या रात्री नॉरॲड, बीपी वर धरून ठेवणारं औषध, वाढवत वाढवत चाललं होतं. लोकांना वाटतं औषध लावलं की पुढचं मशीन बघतं. तसं नसतं. 50 एमएलची सिरिंज संपल्यावर बदलायला गेलात तर तेवढ्या वेळात बीपी धाडकन खाली येतं. म्हणून मी दुसरी सिरिंज आधीच भरून दुसऱ्या पंपावर चालू करते, बीपी वर सरकताना दिसलं की मग पहिली हळूहळू कमी करत बंद. मीन, म्हणजे सरासरी बीपी, 65च्या खाली जाऊ द्यायचं नाही, नजर मॉनिटरवरून हलवायची नाही. त्या रात्री एकदाही जाऊ दिलं नाही, पण लघवी तासाला 10 एमएलवर आली होती आणि त्याचा अर्थ मला माहीत होता, किडनी बंद पडत चालली होती.

डॉक्टरांनी बाहेर उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगितलं, फॉर्मवर सही घेतली. सही झाली की समजावून झालं, असं होऊन बसलंय आपल्याकडे. काकूंना त्यातलं फक्त 'किडनी' कळलं. मी बाहेर गेले तर त्यांनी हात धरला, "सिस्टर, तुम्ही येशूला मानता ना, तुमचा देव काय म्हणतो, हे उठतील का?"

नवीन होते तेव्हा मी एका आईला सांगून बसले होते, देव तुमचं ऐकेल, काळजी करू नका. सकाळी मुलगा गेला. ती मला एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात." तेव्हापासून देवाच्या वतीने शब्द देत नाही. आमच्या चर्चमधले काहीजण पेशंटला भेटायला येतात आणि बेडपाशी वीस मिनिटं वचनं म्हणतात, प्रेमाने येतात हे मान्य, पण समोरच्या माणसाला तेव्हा एक घोट पाणी हवं असतं ते कुणाला दिसत नाही. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

मी काकूंशेजारी बसले. म्हटलं, "काकू, हे उठतील असं मला सांगता येत नाही. पण येशूचा एक मित्र गेला होता, लाजर, त्याच्या बहिणीला रडताना बघून येशूपण रडला."

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मग पुढं?"

तेवढ्यात आत पंपाचा अलार्म वाजला आणि मी पळाले. पहाटे ते गेले. पट्टी सोडून माळ परत गळ्यात घातली, मग काकूंना आत घेतलं. तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही.

तेव्हापासून हेच चाललंय डोक्यात. लाजरच्या दोघी बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला एकच वाक्य म्हणाल्या होत्या, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाला त्याने उत्तर दिलं, पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, मीच आहे म्हणून सांगितलं. मरीयेसमोर तो रडला. वाक्य तेच, पण एकीला शब्द दिले आणि दुसरीला नुसते अश्रू. मी काकूंना मरीया धरून चालले. पण "मग पुढं" हे मार्थाचं विचारणं होतं ना? आणि पुढचं सांगितलं असतं, लाजर चार दिवसांनी कबरीतून बाहेर आला, तर त्यांनी ते नवऱ्याबद्दलचं वचन समजून घेतलं नसतं का? दोन्ही बाजू खऱ्या वाटतात मला.

परवा त्यांचा मुलगा कागदपत्रं न्यायला आला. म्हणाला, आईने विचारायला सांगितलंय, त्या गोष्टीत पुढं काय झालं. मी म्हटलं, ती अशी घाईत सांगायची नाही, आईंना घेऊन ये, मी ड्यूटी संपवून बसते त्यांच्याजवळ.

तेरावं झालं की आणतो म्हणाला. तेरावं गुरुवारी आहे.